बाकी नायट्रोजन

फर्नेस ऑइल पुरते जळले तर त्याच्या धुराचा हिशेब दहावीतल्या मुलालाही करता येतो. अडचण एवढीच, की ते पुरते जळत नाही. मग धुरात काय काय आहे आणि किती आहे हे कागदावर काढायला बसलेल्या माणसाचे आधी तेल जळते, मग रात्र जळते आणि शेवटी डोके. आणि सगळ्याची बेरीज येते १०३.७ टक्के.

फर्नेस ऑइल म्हणजे कच्च्या तेलातून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल ही कर्ती मुले आपापल्या वाटण्या घेऊन बाहेर पडल्यावर तळाशी उरलेला काळा, दाट ऐवज. थंडीत ते काकवीसारखे ओघळते आणि सदऱ्याला लागले तर सदराच बदलावा लागतो. त्यात घटक किती? मोजायला बसले तर हजारो. पण हिशेब करणारा माणूस तेलाला कूळ विचारत नाही, फक्त वजन विचारतो. १०० किलो तेलात ८६ किलो कार्बन, ११ किलो हायड्रोजन आणि ३ किलो गंधक ‘धरतात’. राख, पाण्याचा अंश, चिमूटभर ऑक्सिजन ‘सोडून देतात’. धरणे आणि सोडणे या दोन क्रियापदांवर या शास्त्राचा निम्मा डोलारा उभा आहे. उरलेला निम्मा नायट्रोजनवर आहे. त्याची पाळी पुढे येईल.

पहिली पायरी किलोमोलची. वायूंच्या व्यवहारात किलोवर भागत नाही, कण मोजावे लागतात. केळी डझनावर घेतात तसे. १२ किलो कार्बन म्हणजे १ किलोमोल, २ किलो हायड्रोजन म्हणजे १ आणि ३२ किलो गंधक म्हणजेही १. कार्बनचा आकडा १२ असल्यामुळे प्रत्येक वर्गात एक तरी विद्यार्थी किलोमोल म्हणजे डझनच असे समजून चालतो, आणि आश्चर्य असे, की कार्बनपुरते त्याचे उत्तर बरोबर येते. हायड्रोजनपाशी घोटाळा उघडकीला येतो, पण तोवर तास संपलेला असतो.

तर ८६ ला १२ ने भागले की ७.१७ किलोमोल कार्बन, ११ ला २ ने भागले की ५.५ किलोमोल हायड्रोजन आणि गंधक ०.०९. कार्बनच्या एका किलोमोलला ऑक्सिजनचा एक लागतो, हायड्रोजनच्या दोघांत मिळून एक, गंधकाला एक. बेरीज ७.१७ अधिक २.७५ अधिक ०.०९, म्हणजे १०.०१. इतका सुबक आकडा पाहून विद्यार्थी घाबरतो. परीक्षेत एवढे सरळ काही येत नाही, या अनुभवावर विसंबून तो सगळे खोडतो, पुन्हा करतो आणि ११.४ काढतो. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडतो.

ऑक्सिजन सुटा मिळत नाही. तो हवेतून येतो, आणि हवेत दर २१ ऑक्सिजनमागे ७९ नायट्रोजन असतात. एका ऑक्सिजनला आमंत्रण दिले की ३.७६ नायट्रोजन वऱ्हाडी म्हणून हजर. १०.०१ ऑक्सिजनबरोबर ३७.६६ येतात. हे वऱ्हाड कामाला हात लावत नाही. गार अंगाने येते, भट्टीत बसून तापते आणि ती ऊब अंगावर घेऊन चिमणीतून निघून जाते. त्यातले चार-दोन उनाड भट्टीच्या धगीत ऑक्सिजनशी सूत जुळवतात, पण ते प्रकरण प्रदूषणवाल्यांच्या टेबलावरचे आहे. सगळी हवा मिळून भरते सुमारे १,३७५ किलो. म्हणजे एक किलो तेलाला पावणेचौदा किलो हवा. कारखान्यात तेलाचा टँकर आला की पावती, वजनकाटा, गेटपास आणि तीन सह्या होतात. हवा मात्र पावणेचौदा पट येऊन जाते आणि तिला गेटवर कोणी ‘कुठे?’ म्हणूनही विचारत नाही.

हे सगळे मनासारखे जळले, तर चिमणीतून बाहेर पडते ७.१७ किलोमोल कार्बन डायऑक्साइड, ०.०९ सल्फर डायऑक्साइड, ३७.६६ नायट्रोजनचे वऱ्हाड आणि ५.५ किलोमोल पाण्याची वाफ. या वाफेचे वजन ९९ किलो. शंभर किलो तेल जाळले की नव्व्याण्णव किलो पाणी तयार होते, ही गोष्ट पाण्याच्या टँकरची वाट पाहत बसलेल्या औद्योगिक वसाहतीत सांगू नये. मालक चिमणीला नळ बसवायला सांगतो. पावसाळ्यातली कोकणची दमट हवा असेल, तर तीच किलोमागे वीसेक ग्रॅम पाणी घेऊन येते, म्हणजे आणखी सत्तावीस-अठ्ठावीस किलो. हेही बहुतेक सोडून देतात.

इथे एक फाटा फुटतो. पाणी धरून टक्केवारी काढली तर ती ओली आणि पाणी वगळून काढली तर कोरडी. कोरड्या हिशेबाने या धुरात कार्बन डायऑक्साइड १६ टक्के येतो, ओल्या हिशेबाने १४.२. उत्तरपत्रिकेत यांपैकी कोणताही एक आकडा लिहिलेला असतो आणि प्रश्न नेहमी दुसऱ्याविषयी असतो. वजनाचे आणि घनफळाचे टक्के यांचेही तेच. हवेत ऑक्सिजन घनफळाने २१ आणि वजनाने २३ टक्के आहे. घाईत माणूस तेल वजनाने घेतो, हवा घनफळाने घेतो आणि भागाकार ‘साधारणपणे’ करतो. १०३.७ चा उगम बहुधा इथेच सापडतो.

आता मूळ विषय. तेल अपुरे जळते त्याची कारणे पुस्तकात चार-पाच दिलेली असतात: हवा कमी, तेल गार, नॉझलमध्ये कचरा, हवा आणि तेल नीट न मिसळणे, ज्योत गार भिंतीवर आपटणे. फर्नेस ऑइल बर्नरपर्यंत जाताना शंभर ते एकशेवीस अंशांपर्यंत तापलेले असावे लागते, तरच त्याचा बारीक फवारा होतो. गार तेलाचे थेंब मोठे. मोठा थेंब बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. भज्यांचा घाणा ज्याने घाईत काढला आहे त्याला हे समीकरणाशिवाय कळते.

पुस्तकात नसलेले कारण म्हणजे साहेब. साहेब ऊर्जाबचतीच्या एक दिवसाच्या शिबिराला जाऊन आलेले असतात. जादा हवा म्हणजे जादा नुकसान, हे व्याख्यान जेवणापूर्वी होते. हवा कमी पडली तर काय होते, हे जेवणानंतर होते. तेव्हा साहेब परतीच्या एसटीत होते.

“एवढी हवा कशाला सोडलीय, मामा?”

“कमी केली की धूर मारतो, साहेब.”

“गरम हवा चिमणीतून चाललीय. पैसे चाललेत आपले. डँपर दाबा जरा.”

मामा डँपर, म्हणजे हवेची झडप, दाबतात. बॉयलरवरच्या जुन्या माणसाला साहेबाशी वाद घालण्यापेक्षा धूर पाहणे सोपे वाटते. समजा, या दाबण्याने लागणाऱ्या हवेपैकी ९० टक्केच आत गेली. ऑक्सिजन मिळाला ९.०१ किलोमोल, तूट १ किलोमोलची. ही तूट कोणी सोसायची?

नियम पंगतीचा आहे. हायड्रोजन आधी बसतो आणि पोटभर जेवूनच उठतो, असे धरतात. गंधकाचे ताट लहान, त्याचेही भागते. उरले सुरले कार्बनच्या पानात. त्याला दोन ऑक्सिजन अणूंच्या जागी एकच मिळाला की तो अर्धपोटी उठतो आणि कार्बन मोनॉक्साइड म्हणून हिंडतो. अर्धपोटी राहणारा प्रत्येक किलोमोल अर्धा किलोमोल ऑक्सिजन वाचवतो. म्हणून १ किलोमोलची तूट भरायला २ किलोमोल कार्बनला अर्धपोटी ठेवावे लागते. पूर्ण जळलेला कार्बन मग उरतो ५.१६. नायट्रोजनही ९० टक्केच आला, ३३.८९. कोरड्या धुराची एकूण बेरीज ४१.१५ किलोमोल. त्यात कार्बन डायऑक्साइड साडेबारा टक्के आणि मोनॉक्साइड जवळजवळ पाच.

पाच टक्के म्हणजे थोडके, असे साहेबांना वाटते. पण एक किलो कार्बन पुरता जळला तर ८,०८४ किलोकॅलरी उष्णता देतो आणि मोनॉक्साइडवर थांबला तर २,४३०. म्हणजे अर्धपोटी कार्बनचा प्रत्येक किलो ५,६५४ किलोकॅलरी खिशात घालून चिमणीतून जातो. इथे असे २४ किलो गेले. तेलाची एकूण उष्णता किलोला १०,५०० किलोकॅलरी धरली तर जवळजवळ १३ टक्के उष्णता गेली. फुकटची हवा दहा टक्के वाचवली आणि विकतच्या तेलातली तेरा टक्के धग घालवली. साहेबांच्या वहीत त्या महिन्यात ब्लोअरच्या विजेची बचत लाल शाईने अधोरेखित केलेली असते.

मोनॉक्साइडचा स्वभाव असा, की त्याला रंग नाही आणि वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणून बंद बॉयलरघरात त्याची थट्टा कोणी करत नाही. चिमणीच्या टोकाला गेल्यावर मात्र तो निनावी होतो, आणि सगळा दोष त्याच्या काळ्या भावाच्या, काजळीच्या, माथी येतो. धुराचा काळेपणा मोजायला मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी १८८८ मध्ये पॅरिसमध्ये रेषांच्या जाळ्यांचा तक्ता काढला: शून्य म्हणजे स्वच्छ, पाच म्हणजे डांबरासारखा, मधली प्रत्येक पायरी वीस टक्क्यांची. मामांचा तक्ता तीन पायऱ्यांचा आहे आणि तो चहाच्या टपरीवरून वाचता येतो: ‘चालतंय’, ‘मारतोय’ आणि ‘साहेब बाहेर आले’.

काजळीची खरी अडचण काळेपणाची नाही, हिशेबाची आहे. ती वायू नव्हे. त्यामुळे वायूंच्या टक्केवारीत तिला पाट नाही. कार्बन तेलातून निघाला, धुरात पोचला नाही. मधल्या मध्ये नळ्यांच्या भिंतीवर, चिमणीत आणि शेजारच्या सोसायटीच्या दोरीवरच्या धोतरावर जाऊन बसला. हिशेब करणारा मनुष्य धोतर झटकून वजन करायला जात नाही. तो ‘काजळी नगण्य धरू’ असे लिहितो. सोसायटीचे चिटणीस तसे धरत नाहीत.

इथवर आलेल्या विद्यार्थ्याला वाटते, संपले. तेवढ्यात सर खडू उचलतात. “पण हायड्रोजन पोटभर जेवतो, हे आपण नुसतं धरलं होतं ना?” भट्टीत कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ यांची देवघेव चालू असते. मोनॉक्साइड वाफेकडून ऑक्सिजन हिसकावून डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजन उघडा पडतो, उलटेही घडते. भावकीतल्या बांधासारखी ही सरकासरकी तापमानावर ठरते, आणि धूर भराभर गार झाला की बांध जिथे असेल तिथे गोठतो. तो गोठला तेव्हा मोनॉक्साइड गुणिले वाफ हा गुणाकार डायऑक्साइड गुणिले हायड्रोजनच्या साडेतीन पट होता, असे धरण्याचा रिवाज आहे. साडेतीनच का? हे विचारणाऱ्याला सर पुढच्या बाकावर बोलावतात, म्हणून कोणी विचारत नाही.

या एका ‘धरण्याने’ सरळ बेरजेचे वर्गसमीकरण होते. वर्गसमीकरणाला दोन उत्तरे असतात आणि दोन्ही सारख्याच ठामपणे समोर उभी राहतात. पहिले म्हणते, मोनॉक्साइड १.५९ किलोमोल. दुसरे म्हणते, १२.६५ किलोमोल. दुसरे खरे मानले तर शंभर किलो तेलात एकशे बावन्न किलो कार्बन होता असे निघते. तरीही दर वर्षी कोणीतरी ते लिहितो, खाली दोन रेघा ओढतो आणि चौकटही करतो. गणिताने दिलेले उत्तर नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहे, ही गोष्ट शाळेत कोणी सांगितलेलीच नसते. पहिले उत्तर घेतले तर मोनॉक्साइड १.५९, हायड्रोजन ०.४१ आणि डायऑक्साइड ५.५८ किलोमोल असा धूर मिळतो. मोनॉक्साइडचे पाच टक्के ३.८२ वर आले आणि एक टक्का हायड्रोजन नव्याने उगवला. तेल तेच, हवा तीच, डँपर जिथे होता तिथेच. फक्त सरांनी खडू उचलला.

कागदावरचा धूर झाला. चिमणीतला धूर मोजायचा तर जुनी पद्धत ओर्साट यंत्राची. लाकडी पेटीत काचेच्या नळ्या, शंभर मिलिलीटरचे माप, खाली-वर करायची पाण्याची बाटली आणि तीन कुप्या. पहिल्या कुपीतला कॉस्टिक पोटॅश डायऑक्साइड शोषून घेतो, दुसरीतला पायरोगॅलॉल ऑक्सिजन आणि तिसरीतला क्युप्रस क्लोराइड मोनॉक्साइड. क्रम चुकवायचा नाही. दुसरी कुपी आधी उघडली तर ती ऑक्सिजनबरोबर डायऑक्साइडही गिळते. तिसरी आधी उघडली तर ऑक्सिजनही तिच्याच पोटात जातो. सल्फर डायऑक्साइड गुपचूप पहिल्या कुपीत उतरतो आणि कार्बनच्या नावावर खपतो. तिसरी कुपी तर स्वभावाने उधारीची: द्रावण जुने झाले की शोषलेला मोनॉक्साइड परत सोडू लागते. अशा वेळी धूर तपासला की मोनॉक्साइड उणे ०.२ टक्के येतो. मोजणारा पोरगा ते ०.२ असे लिहितो. उणे चिन्ह शाईचा डाग असेल, असे वरचे लोक समजून घेतात.

तीन वायू मोजून झाले. चौथी कुपी नाही. उरला तो नायट्रोजन.

हेच या शास्त्राचे दुसरे निम्मे. नायट्रोजन कोणी मोजत नाही. तो शंभरातून उरतो. घरखर्चाच्या वहीत ‘किरकोळ’ नावाचा जो रकाना असतो, ज्यात हरवलेली दहाची नोट, पाहुण्यांसाठी आणलेली मिठाई आणि गृहस्थांनी लपवून ओढलेली सिगारेट हे सगळे सुखाने नांदते, तोच हा रकाना. रबरी नळी गळकी होती, हवा शिरली. तिचा बहुतेक भाग नायट्रोजनमध्ये. मापाचे पाणी डोळ्याच्या रेषेत न धरता वाचले, नायट्रोजनमध्ये. वर्गसमीकरणातून उगवलेला एक टक्का हायड्रोजन, न जळालेला थोडा मिथेन. यांना शोषणारी कुपीच नाही, म्हणून तेही नायट्रोजनमध्ये. बाकी ८२.७ आली की सगळे समाधानाने मान हलवतात, कारण नायट्रोजन ऐंशीच्या आसपास असतो हे सर्वांना पाठ आहे.

या बाकीवर पुढची सगळी इमारत उभी राहते. धुरावरून उलटे जाऊन तेलात हायड्रोजन किती होता हे काढता येते, आणि हौशी ऑडिटर ते काढतोच. समजा, कोरड्या धुरात डायऑक्साइड १२.६, मोनॉक्साइड ०.७, ऑक्सिजन ४.० आणि बाकी नायट्रोजन ८२.७ आला. नायट्रोजनवरून आत आलेला ऑक्सिजन २१.९८. धुरात सापडलेला ऑक्सिजन १२.६ अधिक ०.३५ अधिक ४.०, म्हणजे १६.९५. गायब झालेला ५.०३, तो हायड्रोजनने पाणी करून नेला. यावरून तेलात हायड्रोजन ११.२ टक्के निघतो. प्रयोगशाळेच्या अहवालात ११ असतो. ऑडिटर आनंदाने जेवायला जातो.

दुपारी चष्मा विसरलेला सहकारी त्याच धुराचे माप वाचतो आणि १२.६ च्या जागी १३.१ लिहितो. अर्ध्या टक्क्याची चूक. नायट्रोजनची बाकी आपोआप अर्ध्या टक्क्याने घटते आणि तेलातला हायड्रोजन ९.६ वर उतरतो. कोणी १२.१ वाचले असते तर तो १२.९ वर चढला असता. तेल टाकीतून हललेले नाही. नजर पाणपातळीच्या थोडी वर-खाली झाली एवढेच. पण फाइलमध्ये ९.६ दिसल्याबरोबर तेलवाल्याला फोन जातो.

“तुमच्या तेलात हायड्रोजन कमी आहे.”

“किती पाहिजे साहेब? पुढच्या टँकरला बघतो.”

या उदाहरणात ऑक्सिजन आणि मोनॉक्साइड दोन्ही एकाच धुरात आहेत, हे पाहून सरळमार्गी माणूस गोंधळतो. ऑक्सिजन शिल्लक आहे तर कार्बन अर्धपोटी का राहिला? कारण लग्नघरात जेवण उरते आणि मागच्या दाराशी माणसे उपाशी राहतात, तेच. हवा भरपूर आहे, पण ज्या थेंबाला ती हवी त्याच्यापर्यंत वेळेत पोचत नाही. मग जादा हवा किती होती हे काढताना, उरलेल्या ऑक्सिजनातून मोनॉक्साइडचा निम्मा वजा करावा लागतो, कारण तेवढा त्याचा हक्काचा होता: ४.० वजा ०.३५, म्हणजे ३.६५. आत आलेल्या २१.९८ मधून हा काढला की लागणारा ऑक्सिजन १८.३३, भागाकार केला की जादा हवा वीस टक्के. मोनॉक्साइडचा निम्मा वजा करायला विसरले तर बावीस येते. त्या दोन टक्क्यांसाठी मामांना पुन्हा डँपर दाबायला सांगतात.

हल्ली ओर्साटची पेटी कपाटावर असते आणि कामाला हातात मावणारे यंत्र असते. चिमणीत नळी खुपसायची, बटण दाबायचे, चिठ्ठी बाहेर येते. चिठ्ठीवर डायऑक्साइड छापलेला पाहून सगळे मान डोलावतात, पण यातल्या बऱ्याच यंत्रांनी डायऑक्साइड मोजलेलाच नसतो. ते ऑक्सिजन मोजतात आणि बाकीचे ‘धरतात’. माणसाची सवय यंत्रालाही लागलेली आहे. त्यासाठी आधी कोणते इंधन आहे ते निवडावे लागते. गेल्या आठवड्यात ते यंत्र नैसर्गिक वायूच्या बॉयलरवर होते आणि निवड तशीच राहिली, तर ऑक्सिजन ४ टक्के असताना तेलाच्या धुरात तेरा यायला हवा तिथे डायऑक्साइड साडेनऊ छापून येतो. मोनॉक्साइड ते दशलक्षांशात सांगते. एक टक्का म्हणजे दहा हजार. शून्ये मोजताना जीभ अडखळते, म्हणून ६,५५० चे अहवालात ६५५ होतात आणि सगळ्यांना हायसे वाटते.

मोनॉक्साइड कमी दिसावा यासाठी आणखी एक सोपा उपाय आहे: नळी चिमणीत जरा सैल ठेवायची. बाहेरची हवा शिरते आणि मोनॉक्साइड पातळ होतो. गवळ्याला ही विद्या कोणत्याही शिबिराशिवाय अवगत असते. म्हणून नियम करणाऱ्यांनी दुग्धमापकाची सोय इथेही केली: आकडा ठरावीक ऑक्सिजनवर, उदाहरणार्थ ३ टक्क्यांवर, आणून सांगायचा. पाणी किती घातले ते ऑक्सिजनवरून कळते, आणि मूळ आकडा त्या पटीने वर चढवतात. ऑक्सिजन १२ टक्के आला तर मोनॉक्साइडला दोनने गुणावे लागते. गुणाकार शेजारच्या रकान्यात करायचा असतो. तो रकाना चिठ्ठी फाइलला लावताना पंचिंग मशीनखाली येतो.

शेवटची पायरी अहवालाची. तोपर्यंत रविवार आलेला असतो. मामांनी नॉझल काढून रॉकेलात धुतलेले असते, तेलाचा हीटर दहा अंशांनी वाढवलेला असतो आणि डँपर साहेब आले नाहीत असे बघून पूर्ववत केलेला असतो. चिमणीतून आता दिसेल असे काही येत नाही. ज्या धुराचा हिशेब चालला आहे तो धूर कधीच वाऱ्यावर गेला. पण अहवाल सोमवारी द्यायचा असतो आणि तो दोन दशांश स्थळांपर्यंतच हवा, असे नमुन्यात छापलेले असते. म्हणून वर्गसमीकरणाच्या पहिल्या उत्तराने आलेला कोरडा धूर स्वच्छ अक्षरात लिहितात: कार्बन डायऑक्साइड १३.४२, कार्बन मोनॉक्साइड ३.८२, हायड्रोजन १.००, सल्फर डायऑक्साइड ०.२३, नायट्रोजन ८१.५४. खाली रेघ ओढून बेरीज करतात. बेरीज येते १००.०१. हिशेब दोनदा तपासला जातो. चूक कुठेच नसते, प्रत्येक आकडा आपापल्या जागी नियमाप्रमाणे वर किंवा खाली सरकवलेला असतो. मग व्हाइटनरची बाटली उघडते आणि नायट्रोजन ८१.५३ होतो.